उन्हातला जाळ

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज हिंमतभाऊंनी बोटीच्या स्वयंपाकाचं काम माझ्याकडे दिलं. आमच्या संस्थेची दवाखान्याची बोट नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात धडगावकडच्या पाड्यांना फिरते. डॉक्टर रंजिता, एक नर्स आणि बोट चालवणारा जालमसिंग सोमवार ते गुरुवार बोटीवरच राहतात. आतापर्यंत त्यांचं जेवण काठावरून डब्यात यायचं आणि दुपारपर्यंत आंबून जायचं. आता बोटीवरच रांधायचं ठरलंय. त्यासाठी काठावरच्या पाड्यातली दिवलीबाई ठेवलीय. प्रश्न एवढाच, की तिनं पेटवायचं काय.

हिंमतभाऊ म्हणाले, "तू केमिस्ट्रीचा मास्तर. जळण्याचं शास्त्र तुझ्याशिवाय इथं कुणाला कळणार?"

शहाद्यात चौदा वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. संस्थेत आल्यापासून खुर्च्या, सोलर पॅनल आणि औषधांची खोकीच मोजतोय. खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोटीवर जाऊन आलो. धडगावहून जीपनं उतरेपर्यंत कंबर मोडली. बोट पाहिली. केबिनच्या कोपऱ्यात ओटा आहे, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढा.

गॅस नको असं माझं मत झालं. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन बसणार आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही. एक ठिणगी पुरे. रॉकेल रेशनवर मिळायचं केव्हाच बंद झालं, शिवाय काजळी आणि वास. विजेची शेगडी लावली तर लशींच्या फ्रिजची बॅटरी दुपारीच बसेल.

दिवलीबाई चाळीस-पंचेचाळीसची असेल. बुटकी, दंडावर गोंदलेलं. तिला मराठी बऱ्यापैकी येतं, पण पावरी बोलणाऱ्या लोकांच्या सवयीप्रमाणे सगळ्यांनाच 'तू' म्हणते. म्हणाली, "साहेब, घमेल्यात वाळू घालते, वर मातीची चूल करते. मागे उघड्यावर ठेवते. धूर नदीवर जाईल."

मी हसलो. दवाखान्याची बोट, आणि मागं चुलीचा धूर. मदत देणारे लोक मुंबईहून बघायला येतात, त्यांच्या फोटोत काय दिसेल?

जालमसिंग म्हणाला, "गॅसच घे. टाकी आत नको, मागे बाहेर ठेव पेटीत. पेटीला खाली भोकं पाड. गळला तर पाण्यावर उतरून जाईल."

त्याला गॅसची घनता समजावून सांगितली. तो ऐकत राहिला. मग दोर सोडायला गेला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. स्पिरिट.

आश्चर्य वाटतं, की हे आधी कसं सुचलं नाही. आमच्या शेतांच्या चारी बाजूंना ऊस, उसाची मळी, मळीचं स्पिरिट. काजळी नाही, धूर नाही, हवा भरायला नको, दाब नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्पिरिटची आग साध्या पाण्यानं विझते. बोटीवर पाण्याला तोटा नाही. चार पानांची टिपणी लिहिली, प्रत्येक इंधनाचे गुणदोष मांडले. हिंमतभाऊंनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. परवान्याचं बघायलाही माणूस लावला.

घरी गायत्रीला सांगितलं. ती वांगी चिरत होती. मान वर न करता अहिराणीत म्हणाली, "जिले रांधानं शे तिले इचारं का?"

म्हटलं, अगं, ती चूल मागते. तिला विचारून काय होणार?

गायत्रीनं पुढचं वांगं घेतलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन बर्नरचा स्पिरिट स्टोव्ह बोटीवर बसवला. केबिनमध्ये, ओट्यावर, पेटवून दाखवला. केबिनमध्ये अंधारच असतो, त्यामुळे निळी ज्योत अशी सुरेख दिसली, की नर्सनं मोबाईलवर फोटो काढला. आठ सूचनांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर चिकटवला. 'पेटता अथवा गरम स्टोव्ह भरू नये' ही तिसरी. दिवलीबाईला वाचता येत नाही, पण जालमसिंग सहावीपर्यंत शिकलाय, तो सांगेल.

तिनं कॅनचं झाकण काढून वास घेतला आणि जालमसिंगला पावरीत काहीतरी म्हणाली. दोघं हसले.

९ डिसेंबर, मंगळवार

आज बोटीवर उडदाची डाळ आणि मक्याची भाकर खाल्ली. उत्तम. मात्र दिवलीबाईनं स्टोव्ह केबिनमधून उचलून मागच्या डेकवर नेलाय. आत तिला घाम फुटतो, जीव घुसमटतो म्हणे. मी म्हटलं ठीक आहे, मोकळी हवा चांगलीच.

जेवताना ती म्हणाली, "साहेब, ह्याचा जाळ दिसत नाही."

म्हटलं, हाच तर त्याचा गुण. स्वच्छ जळतं.

"महूची पहिली धार अशीच जळते. उन्हात दिसत नाही. आमच्यात उन्हात पेटवत नाही कोणी."

मी म्हटलं, "बाई, ही मोहाची दारू नव्हे. हे पिऊ नका, डोळे जातील." नर्स हसली. दिवलीबाई भाकर थापायला वळली.

ऑफिसला परतल्यावर हिंमतभाऊंना ही गंमत सांगितली. कॅनचा वास घेते, स्टोव्ह दिला तरी हिला त्यात महूच दिसते, म्हटलं. सगळे खूप हसले.

२२ डिसेंबर, सोमवार

मुंबईचे पाहुणे आले होते. 'उसापासून चालणारं स्वयंपाकघर' असं त्यांनी स्वतःच नाव दिलं. माझा फोटो काढला, स्टोव्हसोबत. दिवलीबाईला बाजूला व्हायला सांगावं लागलं, जागाच कमी.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

दिवलीबाई भाजली.

दुपारी बाराच्या सुमाराला. मी ऑफिसात होतो, डॉक्टर रंजितांचा फोन आला. डेकवर ऊन होतं. वाऱ्यानं स्टोव्ह विझला असं तिला वाटलं, म्हणून कॅनमधून भरायला गेली. विझला नव्हता. जाळ धारेवरून चढून कॅनमध्ये शिरला. दोन्ही हात कोपरापर्यंत, गळा आणि हनुवटी. जालमसिंगनं तिच्यावर गोधडी टाकून नदीच्या बादल्या ओतल्या. डॉक्टर म्हणाल्या, तो जवळ नसता तर लुगडंच पेटलं असतं.

जीपनं धडगावला, तिथून नंदुरबारला नेलं.

पाण्यानं आग विझली. माझ्या टिपणीत तसं होतंच. हे वाक्य मी का लिहिलं कळत नाही. खोडत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

हिंमतभाऊंनी कारण लेखी मागितलं. असं लिहिलं: 'स्वयंपाकी महिलेस स्टोव्ह वापराबाबत प्रात्यक्षिक व लेखी सूचना देण्यात आल्या होत्या. सूचना क्रमांक तीनचे पालन न करता तिने पेटत्या स्टोव्हमध्ये इंधन ओतले.'

प्रत्येक शब्द खरा आहे. तीनदा वाचलं. प्रत्येक शब्द खरा आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

नंदुरबारला दवाखान्यात गेलो. द्राक्षं नेली होती. खाटेपाशी गेल्यावर लक्षात आलं, की तिचे दोन्ही हात बोटांपर्यंत पट्ट्यांत आहेत. द्राक्षं कशी खाणार. पिशवी खाटेखाली ठेवली.

मला पाहून ती उठून बसायला लागली. मी नको नको म्हणेपर्यंत बसली. म्हणाली, "साहेब, चूक झाली. तुझा स्टो जळला का?"

म्हटलं, नाही.

"कॅन पाण्यात पडला. जालमसिंगनं काढला का?"

म्हटलं, काढला. काढलाय की नाही मला माहीतही नाही.

"जाळ दिसला नाही," ती म्हणाली. एवढंच. मी तुला सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. मी त्याचीच वाट बघत होतो. ती म्हणाली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

बसस्टँडवर शहाद्याच्या दोन गाड्या सोडून दिल्या. बसवत नव्हतं आणि चढवतही नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गायत्रीनं तीळगूळ दिला. विचारलं, बाई कशी आहे? सांगितलं. रिपोर्टाचंही सांगितलं, कोणाला तरी सांगायचंच होतं.

ती म्हणाली, "हात तिना जयनात, आनि चूक बी तिनीच?"

म्हटलं, सूचना दिल्या होत्या.

"वाचता येस का तिले?"

दिवसभर लोकांना गोड बोला म्हणत फिरलो.

२१ जानेवारी, बुधवार

दिवलीबाईला कामावरून काढलं. पत्रात लिहिलंय: 'इंधनाचा गैरवापर व कामाच्या वेळी नशेत असल्याचा संशय.'

मी हिंमतभाऊंकडे गेलो. नशेचं कुठून आलं, विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तूच तर सांगितलं होतंस, ती वास घेत होती आणि महूशी तुलना करत होती म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय. स्पिरिट प्यायली असेल त्याशिवाय पेटत्या स्टोव्हमध्ये कोण ओतेल?"

ती माझी गंमत होती, असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "आते हाई वाढाडू नको, नवनीत. मुंबईले काय सांगशील?"

मी तोंड मिटलं. बाहेर आलो, पाणी प्यायलो, खोकी मोजायला गेलो. एकशे बारा. पुन्हा मोजली, एकशे नऊ.

२७ जानेवारी, मंगळवार

जालमसिंग ऑफिसला आला होता, डिझेलचा कागद द्यायला. माझ्या टेबलापाशी उभा राहिला. म्हणाला, "ती दारूला हात लावत नाही. देवाला धार घालते, तेवढीच. पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. आता बाया बोटीवर औषधाला येत नाहीत. म्हणतात, तिथं काम केलं की नाव जातं."

मी विचारलं, किती बाया?

"तू आकडा विचारतो," तो म्हणाला, आणि गेला.

२ फेब्रुवारी, सोमवार

रजा काढली. ही वही पहिल्यापासून वाचली.

नऊ डिसेंबरला माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'ह्याचा जाळ दिसत नाही.' आणि खाली: 'आमच्यात उन्हात पेटवत नाही कोणी.' तिनं काय जळतं, कधी दिसत नाही आणि काय करू नये, हे सगळं दोन ओळींत सांगितलं होतं. मी त्याखाली 'गंमत' लिहिलंय.

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. चौदा वर्षं दर जूनमध्ये पहिल्या प्रात्यक्षिकाला मी स्पिरिटचा दिवा खिडकीत उन्हात धरायचो आणि विचारायचो, सांगा, पेटलाय की विझलाय? पोरं फसायची. मग मी त्यावर कागद धरायचो, कागद पेटायचा, वर्ग ओरडायचा. माझा आवडता तास. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना जे दरवर्षी दाखवलं, ते दिवलीबाईला दाखवलं नाही. तिला अंधाऱ्या केबिनमध्ये सुरेख निळी ज्योत दाखवली.

विसरलो होतो का? नाही. ती स्टोव्ह उन्हात घेऊन गेली तेव्हा क्षणभर डोक्यात आलं होतं. पण तेव्हा पाहुणे यायचे होते, आणि चार पानांच्या टिपणीत 'दोष' या रकान्यात मी ते लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं तर टिपणी चुकीची ठरली असती. हे त्या दिवशीच्या पानावर नाही. वहीतही मी ते लिहिलं नव्हतं.

गायत्री आत आली, माझं तोंड बघून परत गेली. थोड्या वेळानं येऊन चहा ठेवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवा रिपोर्ट लिहिला. एकच पान. निवड माझी, धोका मला माहीत, तिनं आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, नशेची गोष्ट माझ्या चेष्टेतून निघाली. नऊ डिसेंबरच्या पानाची झेरॉक्स जोडली.

हिंमतभाऊंनी वाचायला फार वेळ घेतला. मग म्हणाले, "हे मुंबईला गेलं तर स्वयंपाकघराची मदत थांबेल. तुझंही काम राहील का, सांगता येत नाही."

म्हटलं, माहीत आहे.

"तुला बरं वाटावं म्हणून करतोस हे."

काही अंशी खरंच होतं. मी म्हटलं, "भाऊ, मला बरं वाटणार नाही. पण तिच्या नावावरची दारू काढा."

त्यांनी पत्र मागे घेतलं. दुसरं पत्र मी माझ्या हातानं टाईप केलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाड्यावर गेलो. जालमसिंगनं बोट काठाला लावली. दिवलीबाईच्या घरापुढं पंधरा-वीस माणसं जमली होती, निम्म्या बाया. तिच्या पट्ट्या सुटल्यात, पण उजव्या हाताची तीन बोटं वाकून तशीच राहिलीत. कातडी गुलाबी, ताणलेली.

मी उभा राहून पत्र वाचलं, मग कागद खाली ठेवून बोललो. मी शिकलेला माणूस आहे, मला माहीत होतं, हिनं सांगितलं होतं, मी हसलो आणि ऑफिसात जाऊन हिची चेष्टा केली. ही प्यायलेली नव्हती. बरंच बोललो.

जालमसिंगनं त्याचं पावरीत चार-पाच शब्दांत भाषांतर केलं. एका म्हातारीनं काहीतरी विचारलं. मी जालमसिंगकडे बघितलं. तो म्हणाला, "विचारते, एवढं सांगायला महिना का लागला."

मी कागदाची घडी घातली. कोणी पुन्हा विचारलं नाही.

मी दिवलीबाईला म्हटलं, तू परत ये. हलकं काम देऊ. नवीन स्टोव्ह तू म्हणशील तो घेऊ.

ती हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "मी सांगणार नाही. तू आण. आणल्यावर आठ दिवस तू त्याच्यावर रांध. उन्हात, वाऱ्यात. भाकर पण तू टाक. मग दुसऱ्या बाईला दे."

बाया हसल्या. मीही हसायला गेलो आणि थांबलो. ती हसत नव्हती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गॅस आणला. जालमसिंगनं सांगितली तशी पेटी मागच्या टोकाला, बाहेर, तळाला भोकं पाडून नदीकडं मोकळी. सुतारानं दीड तासात केली. एवढंच काम होतं.

सुट्टी टाकून बोटीवर राहतोय. पहिली भाकर तव्यावर टाकायच्या आधीच हातात तुटली. डॉक्टर रंजितांनी मुकाट्यानं पिठलं-भात खाल्ला. भात कच्चा होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अकरा ते दोन वारा नदीवरून सरळ मागच्या डेकवर येतो. बर्नर तीनदा विझला. दरवेळी वाकून, तळवा आडवा धरून, ऊब लागते का बघावं लागतं. पत्र्याचा आडोसा केला. भांडं ठेवायला जागा नाही, म्हणून कालवण मांडीला टेकवून ढवळलं. लाटेवर बोट हलली की तवा घसरतो.

तिनं हे दीड महिना केलं. मी डाळ उत्तम म्हणालो होतो.

डाव्या अंगठ्याला चटका बसलाय, उडदाएवढा. डॉक्टर मलम देत होत्या, मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "उगाच शिक्षा करून घेऊ नका. मलम लावा आणि भात नीट शिजवा."

२१ फेब्रुवारी, शनिवार

बोट काठाला, सुट्टीचे दिवस. तरी रांधलं, आठ दिवस म्हणजे आठ दिवस. जालमसिंग आणि मी दोघंच जेवलो. म्हणाला, आज भाकर भाकरीसारखी आहे. मग म्हणाला, एका बाजूनं.

मुंबईचं पत्र आलंय असा हिंमतभाऊंचा फोन होता. स्वयंपाकघराला पुढची मदत नाही. माझ्याबद्दल बैठकीत ठरवतील. कोणाचाही राग आला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आठवा दिवस. सकाळी पाड्यासमोर बोट लावली. पाच बाया तपासायला आल्या. डॉक्टरांनी मला खूण करून दाखवल्या.

दिवलीबाईही आली. तिची हात दाखवायची तारीख बुधवारची होती, चुकून आज आली असावी. डॉक्टरांनी तरीही हात बघितला, बोटांचा व्यायाम सांगितला. मग ती मागच्या डेकवर येऊन पेटीशेजारी बसली.

मी भाकर, डाळ दिली. तिनं डाव्या हातानं तुकडा मोडला, डाळीत बुडवला, सावकाश चावला. भाकरीची कड उलटून बघितली. "आत कच्ची आहे," म्हणाली. तरी सगळी खाल्ली.

हात धुवायला मी पाणी घातलं. मग ती शेगडीपुढं सरकली आणि उजव्या हातानं बटण फिरवायला लागली. दाबून फिरवावं लागतं ते. वाकलेली बोटं त्यावर बसेनात. तळव्यानं करून बघितलं, घसरलं. डाव्या हातानं केलं, पण मग काडी कशात धरणार.

मी पुढं झालो तर तिनं मान हलवून थांबवलं. पुन्हा करून बघितलं. चारदा.

"हे मला जमणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग कसं पाहिजे?

ती विचार करत बसली. मी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून ही वही आणली. तिचं बोलणं ती सांगत गेली तसं लिहिलं:

बटण लांब दांडीचं, तळव्यानं ढकलता येईल असं.
काडीची गरज नको, टकटक करून पेटणारं.
शेगडी ओट्यावर नको, खाली, बसून रांधता येईल अशी.
तवा अडकायला कडं.
आडोसा नदीच्या बाजूनं, काठाच्या नव्हे. साहेबानं उलटा लावलाय.